ऑपरेशन झेपेल का?

“सर्जननी फिटनेस मागितलाय,” असं म्हणत माणसं येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक्स-रे, जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या अर्ध्या रिकाम्या पट्ट्या, आणि मागून सुनेचा हात धरून येणारं सत्तरी-पंचाहत्तरीचं माणूस. ऑपरेशन बहुतेक वेळा दोन-चार दिवसांवर आलेलं असतं. मुलाने रजा टाकलेली असते, लेक मुंबईहून निघालेली असते, राहिलेला असतो तो सहीचा कागद. तो मिळाला की सगळ्यांना हायसं वाटतं. आत आल्यापासून आजोबा किंवा आजी मात्र बहुधा एक शब्दही बोललेले नसतात.

त्या सहीच्या आधीचे जे दोन-चार आठवडे असतात, त्यांच्याबद्दल ही पुस्तिका आहे. गुडघा बदलणं, आतड्याच्या किंवा पोटाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, मोठा हर्निया, प्रोस्टेट अशी ठरवून करायची ऑपरेशनं त्या वेळात नीट जोखता येतात. एवढंच नव्हे, तर तेवढ्या वेळात रुग्णाला आजच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत टेबलावर नेता येतं. तपासणीचा खरा उपयोग हा आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कितीही हुशार डॉक्टरने तपासलं, तरी त्याच्या हातात ‘हो’ किंवा ‘पुढे ढकला’ एवढंच उरतं.

पुस्तिका मावळासाठी लिहिली आहे, याला कारण आहे. तालुका एकच, पण म्हातारपणं अनेक तऱ्हांची. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत आणि तळेगावच्या सोसायट्यांत नोकरीतून निवृत्त होऊन चांगल्या हवेसाठी आलेली मंडळी आहेत. त्यांच्याकडे फाइल असते, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं, आणि गेली वीस वर्षं रक्तदाबाची गोळी चालू असते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या वाड्यावस्त्यांवरचं माणूस अभिमानाने सांगतं, “आयुष्यात कधी गोळी खाल्ली नाही.” ते खरंही असतं. पण गोळी न खाणं आणि रक्तदाब नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा तो कधी मोजलेलाच नसतो. पहिल्याच्या फाइलीला भुलून चालत नाही आणि दुसऱ्याच्या काटकपणालाही.

मग ‘फिट’ म्हणजे काय? मोठं ऑपरेशन म्हणजे शरीरावर काही दिवस पडणारा जादा भार. जखम भरायची, ताप-सूज सोसायची, दुखत असताना खोल श्वास घ्यायचा, कमी खाऊन उठायचं-चालायचं. या सगळ्याला हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांना नेहमीपेक्षा जास्त काम करावं लागतं. पावसाळा सरताना पवना धरणात किती पाणी साठलंय यावर पुढचा उन्हाळा अवलंबून असतो, तशी इथे शरीरातली शिल्लक पाहायची असते. वयानुसार ही शिल्लक सगळ्यांचीच घटते, पण सारख्या वेगाने घटत नाही. म्हणून ऐंशीची एखादी बाई अठ्ठावन्नच्या मधुमेही मुलापेक्षा भक्कम निघते. “वय झालंय, आता कशाला” हे वाक्य घरात जितक्या सहज म्हटलं जातं, तितकं ते तपासलेलं नसतं.

ही शिल्लक मोजायचे प्रयत्न जुने आहेत. १९४१मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी रुग्णांची प्रतवारी केली, ती सुधारून आजही वापरात आहे. तुमच्या कागदावर ‘एएसए २’ किंवा ‘एएसए ३’ असं लिहिलेलं दिसेल, ते हेच. ती प्रतवारी रुग्णाच्या प्रकृतीची आहे. ऑपरेशनचा धोका सांगणं हा तिचा मूळ हेतू नव्हता, हे ती करणाऱ्यांनीच स्पष्ट केलं होतं. पुढे १९९९मध्ये डॉ. ली आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या धोक्यासाठी सहाच गोष्टी विचारायला सांगितल्या: ऑपरेशन मोठ्या जोखमीचं आहे का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे का, हृदय कमजोर पडून कधी दम लागला किंवा सूज आली होती का, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय का, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे का, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) दोनच्या वर आहे का. कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत होणारं हे काम आहे.

यानंतरचा प्रश्न जास्त अवघड: माणूस रोज किती श्रम करू शकतो? शांत बसल्यावर शरीराला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या चौपट लागेल इतकं काम जमतं का, ही जुनी खूणगाठ आहे. न थांबता दोन जिने चढता आले तर ते साधारण जमतं असं धरतात. म्हणून डॉक्टर विचारतात, “जिने चढता का?” पेशंट म्हणतो, “हो.” डॉक्टर लिहितात, “व्यायामक्षमता चांगली.” हा अंदाज किती कच्चा असतो ते २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या २५ रुग्णालयांतल्या १४०१ रुग्णांना सायकलवर बसवून त्यांची क्षमता प्रत्यक्ष मोजली. ज्यांना ही चौपटीची पायरी खरोखर गाठता आली नाही, त्यांच्यापैकी जेमतेम १९ टक्के डॉक्टरांच्या अंदाजात पकडले गेले होते. त्यापेक्षा रोजच्या कामांबद्दल बारा ठरावीक प्रश्न विचारून केलेली बेरीज ऑपरेशननंतरच्या धोक्याबद्दल जास्त खरं सांगून गेली.

त्या बारा प्रश्नांत गोल्फ आहे, टेनिस आहे, बर्फावरून घसरणंही आहे. आपल्याकडे ते तसेच विचारले तर आजी हसून सुनेकडे बघतात. शिवाय ज्या घराला जिनाच नाही, तिथे जिन्याचा प्रश्न काय कामाचा? पण श्रम तर इथे वर्षभर आहेत. विहिरीवरून किंवा नळावरून भरलेला हंडा आणता का, की आता कळशी आणता? गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढता का? कार्ल्याच्या एकवीरेला पायऱ्या चढताना किती ठिकाणी बसावं लागतं? लोहगडाच्या पायथ्याच्या गावातून रानात जाऊन येता का? वारीला पायी जात होतात, ते कधीपासून बंद केलं?

यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न मला ‘कधीपासून बंद केलं’ हा वाटतो. इंद्रायणी भाताच्या या पट्ट्यात बाया सत्तरीतही लावणीला उतरतात. चिखलात, पावसात, दिवसभर कंबरेत वाकून. गेल्या वर्षी लावणीला होतात, यंदा का नव्हता, असं विचारलं की तीन तऱ्हेची उत्तरं येतात. “गुडघे वाकत नाहीत” हे एक. “दम लागतो, मधेच बांधावर बसावं लागतं” हे दुसरं. “पोराने नको म्हटलं” हे तिसरं. पहिल्या उत्तरात हृदय कसं आहे ते कळत नाही, कारण गुडघ्यांनी त्याला कामाला लावलेलंच नाही. तिथे पुढची तपासणी हवी. दुसऱ्या उत्तरावर थांबायचं, छाती ऐकायची, पायावरची सूज दाबून बघायची, रात्री किती उशा लागतात ते विचारायचं. तिसऱ्या उत्तराने बहुधा काळजी मिटते. एकाच प्रश्नाला आलेल्या या उत्तरांतून जे हाती लागतं, ते कित्येकदा हजारो रुपयांच्या तपासण्यांतून लागत नाही.

प्रश्न विचारून झाले की माणसाला चालताना बघावं. त्याची एक साधी चाचणी आहे, १९९१पासून जगभर वापरली जाते. खुर्चीत बसायचं, उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वेळ मोजायची. खुर्ची, जमिनीवर खडूची रेघ आणि मोबाइल एवढं असलं की झालं. पण नुसता आकडा लिहून घेऊ नये, बघावं. उठताना हातांनी मांड्यांवर जोर दिला का? वळताना एका पावलात वळले की चार छोटी पावलं टाकून, भिंतीचा अंदाज घेत? बसताना सावकाश टेकले की धपकन? चालता चालता “घरी किती माणसं असतात?” असं विचारलं आणि उत्तर द्यायला ते थांबले, तर तेही टिपून ठेवावं. बाहेरच्या बाकावरून आत येईपर्यंतच ज्यांना हे सगळं दिसतं, असे भूलतज्ज्ञ मी पाहिले आहेत.

अशक्त होत चाललेलं म्हातारपण ओळखायला डॉ. लिंडा फ्रीड यांनी २००१मध्ये पाच खुणा दिल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. पाचांपैकी तीन असतील तर ऑपरेशननंतर गुंतागुंत होण्याची, घरी परतायला उशीर होण्याची शक्यता वाढते. वाडीवर वजनकाटा नसतो. पण बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्यात, चोळी सैल झालीय, हे घरातल्या बायकांना माहीत असतं. पकड बघायला यंत्र नसलं तरी धुतलेलं नऊवारी पिळता येतं का, हे विचारता येतं. हे प्रश्न गावातली आशाताईही विचारू शकते, आणि ऑपरेशनच्या काही आठवडे आधी विचारले गेले तर त्यांचा उपयोग होतो.

श्वासाबद्दल लिहिताना लोणावळ्याचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. १९२४मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. त्याआधी बडोद्यात त्यांनी योगक्रियांचा एक्स-रेखाली अभ्यास केला होता, आणि लोणावळ्यातून ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून प्राणायामात शरीरात नेमकं काय घडतं ते प्रयोगशाळेत मोजायचा मार्ग घालून दिला. तिथल्याच संशोधकांनी पुढे माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून श्वासाचे प्रयोग केले, ते १९६८मध्ये प्रसिद्ध झाले. श्रद्धेच्या मानल्या गेलेल्या गोष्टीला मोजपट्टी लावायचं हे धाडस याच तालुक्यात झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

ऑपरेशनआधी श्वास मोजण्याचं काम मेलबर्नच्या डॉ. पॉल ओल्डर यांनी केलं. साठीपुढच्या १८७ रुग्णांना पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी त्यांनी सायकलवर बसवलं, तोंडाला नळी लावून प्राणवायू मोजला. श्रम वाढत गेले की एक क्षण असा येतो, जिथे स्नायूंना मिळणारा प्राणवायू पुरेनासा होतो आणि आम्ल साठायला लागतं. ही पायरी ज्यांच्यात दर किलो वजनामागे मिनिटाला ११ मिलिलिटरच्या खाली आली, त्या ५५ जणांपैकी १० जण ऑपरेशननंतर हृदयाच्या आणि रक्ताभिसरणाच्या बिघाडाने दगावले. वर असलेल्या १३२ जणांपैकी एकच. हा अभ्यास १९९३चा. तेव्हापासून शस्त्रक्रिया आणि भूल दोन्ही खूप सुधारल्या, म्हणून ते आकडे आज जसेच्या तसे कुणाला सांगू नयेत. पण त्यातलं तत्त्व टिकलं आहे. हे यंत्र सगळीकडे नाही. ते नसेल तर सहा मिनिटांत सपाट जागेवर माणूस किती मीटर चालतो, तेही बरंच सांगून जातं.

फुप्फुसांच्या बाबतीत आपल्या बायकांकडे विशेष लक्ष द्यायला हवं. “तुम्ही विडी-सिगारेट ओढता का?” या प्रश्नाला त्या “छे!” म्हणतात आणि विषय संपतो. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केलेला असतो, तो कुणी विचारत नाही. धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराबद्दल पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. बार्न्स यांच्यासोबत २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला मोठं कारण म्हटलं आहे. मिश्रीही विचारावी लागते. ती तंबाखूच आहे, पण लावणाऱ्या बाईला ती व्यसन वाटत नाही, म्हणून आपणहून सांगितली जात नाही. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी विडी-सिगारेट सुटली तर जखम आणि फुप्फुसं दोन्हींना फायदा होतो. मिश्री-तंबाखूही त्याच दिवशी सोडलेली बरी.

आणि इथे सुधारायला भरपूर वाव आहे. पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने रुग्णाला एकदाच, अर्धा तास, खोल श्वास कसा घ्यायचा आणि कसं खोकायचं ते शिकवलं; २०१८च्या या चाचणीत ४४१ रुग्ण होते. न शिकवलेल्यांत छातीची गुंतागुंत २७ टक्क्यांना झाली, शिकवलेल्यांत १२ टक्क्यांना. खर्च अर्ध्या तासाचा. आपल्याकडे श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र बहुतेकदा ऑपरेशन झाल्यावर, टाके दुखत असताना हातात दिलं जातं. ते आधी द्यायला हवं. मात्र कुणाच्या सांगण्यावरून कपालभाती सुरू करू नये. हर्निया आणि वाढलेला रक्तदाब असलेल्यांना जोराच्या क्रिया बाधू शकतात. रोज दोनदा चालणं, खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, दूध-अंडी-डाळ-मटकी नेमाने पोटात जाणं, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधून लोह देणं, एवढं महिनाभर झालं तरी फरक पडतो.

तपासण्यांच्या यादीबद्दल थोडं परखड लिहितो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सरसकट रक्त-ईसीजी करून काही साधतं का, हे १९ हजारांहून जास्त ऑपरेशनांत तपासलं गेलं, आणि २०००मध्ये निष्कर्ष आला: तपासण्या केल्या-न केल्याने गुंतागुंतीत फरक नाही. तरीही माणसं दिवसभराची मजुरी बुडवून त्या तपासण्या करत फिरतात. टू-डी इकोचंही तेच. ‘ईएफ ६० टक्के’ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं त्याचा आकडा) वाचून घरचे निर्धास्त होतात, पण तो आकडा स्वस्थ पडलेल्या हृदयाचा आहे; चढ चढताना ते काय करेल हे त्यात नाही. उलट, जिथे इको हवाच तिथे तो राहून जातो. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर खरखरीत आवाज आला, कधी चक्कर येऊन पडल्याचा इतिहास निघाला, तर हृदयाची मोठी झडप अरुंद झालेली असू शकते. अशा माणसाला मणक्यातून भूल दिली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. तो आवाज ऐकायला वीस सेकंद लागतात.

गोळ्यांची पिशवी मात्र पूर्ण उलटी करून बघावी. रक्त पातळ करणारी गोळी कुणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करतं, कुणी चालूच ठेवतं. दोन्हींत धोका आहे, आणि निर्णय डॉक्टरांनीच द्यायचा आहे. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. आणि सांधेदुखीची ती पुडी! कुठूनशी आणलेली, लगेच आराम देणारी. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं असेल तर ऑपरेशनच्या ताणाला शरीराकडून मिळायची साथ मिळत नाही. लाजेने किंवा भीतीने हे लपवलं जातं. विचारणाऱ्याने रागावू नये, म्हणजे ते बाहेर येतं.

आता मनाबद्दल, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट तीच असते. ऑपरेशन नीट होतं, आणि दुसऱ्या रात्री आजोबा नळ्या ओढायला लागतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे घाबरतात, कुणाला बाहेरची बाधा वाटते, कुणी भुलीला दोष देतं. हा गोंधळ मेंदूची शिल्लक कमी असलेल्यांत जास्त होतो, आणि तो आधी ओळखता येतो. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे, मध्ये घड्याळाचं चित्र काढायला लावायचं, अशी एक छोटी चाचणी आहे. जी बाई शाळेतच गेली नाही तिला घड्याळ काढायला लावणं बरं नव्हे. तिला बाजारात दिलेल्या नोटेतून किती परत आले, नातवंडांची नावं काय, हे विचारावं. ज्यांच्यात धोका दिसतो त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत: चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लगेच परत देणं, रात्री झोपू देणं, दिवसा उठवून बसवणं, ओळखीचं माणूस जवळ असणं. डॉ. शॅरन इनूये यांच्या १९९९च्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांमध्ये अशाच काळजीने हा गोंधळ १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आला. “कंबरेतून भूल दिली की डोक्याला त्रास नाही” हा समज मात्र टिकलेला नाही. खुब्याच्या ऑपरेशनांवरच्या २०२१च्या मोठ्या चाचणीत दोन्ही प्रकारच्या भुलींत असा गोंधळ जवळपास सारखाच दिसला.

खुब्याचं हाड मोडणं हा प्रकार या सगळ्याला अपवाद आहे. पावसाळ्यात अंगणात, न्हाणीत शेवाळावरून पाय सटकतो आणि माणूस उठत नाही. इथे महिनाभर तयारीला जागा नाही. एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, कारण अंथरुणावरचा प्रत्येक दिवस छाती, पाठ आणि स्नायू यांच्यावर उठतो. अशा वेळी इको आणि फिटनेससाठी चार दिवस घालवणं हेच धोक्याचं. तपासायचं ते काही तासांत, जे दुरुस्त होईल ते दुरुस्त करून पुढे जायचं.

पैशांचा प्रश्न पूर्वीइतका अडवत नाही, निदान अडवू नये. २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. कार्ड ऑपरेशन ठरण्याआधी काढून ठेवावं. ऐन वेळी अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून धावाधाव होते, कारण आयुष्यभर मातीत राबलेल्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात.

राहता राहिलं ते रुग्णाचं स्वतःचं म्हणणं. ऑपरेशन झेपेल का, हे आपण सगळे मिळून ठरवतो, आणि ज्याला झेपायचं आहे त्याला शेवटी सांगतो. काहींना चालत देवळापर्यंत जायचं असतं आणि त्यासाठी ते कितीही जोखीम घ्यायला तयार असतात. काहींना यंत्रावर पडून राहायची भीती मरणापेक्षा मोठी असते. कुणाला नातीच्या लग्नाआधी ऑपरेशन नकोच असतं. हे सगळे निर्णय बरोबर असू शकतात, ऑपरेशन न करण्याचासुद्धा, मात्र ते समजून घेतलेले असावेत. हे बोलणं आदल्या रात्री वॉर्डात, सहीचा कागद पुढे आल्यावर होऊ नये. ऑपरेशन सुचवलं गेलं त्याच आठवड्यात, घरी, जेवणं झाल्यावर व्हावं. त्यासाठी विचारायचे प्रश्न पुस्तिकेच्या शेवटच्या चार पानांवर मोठ्या ठशात छापले आहेत. घरात वाचणारं नातवंड असेल तर त्याने ते मोठ्याने वाचावेत, आणि आजी-आजोबांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून फाइलीत सगळ्यात वर ठेवावं. डॉक्टरांनी ते पान आधी वाचायचं आहे.